'आमच्या घरात जुळी होतात', म्हणजे नेमकी कोणाला?

प्रश्न बडोद्याच्या रावपुऱ्यातून आला आहे. थोडक्यात असा: "वय २९, लग्नाला दोन वर्षं झाली. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. यांचे दोन काका जुळे आहेत, पण एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत. एक उंच, सावळे. दुसरे ठेंगणे, गोरे. यांच्या आत्येबहिणीला मागच्या वर्षी जुळ्या मुली झाल्या. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात एक पिढी सोडून जुळी होतात, आता तुझी पाळी. माझं माहेर इंदूरचं, तिथे जुळं कोणी नाही. फक्त आईच्या आईला पहिल्या खेपेला मुलगा-मुलगी अशी जुळी झाली होती. त्यातला मुलगा आठव्या दिवशी गेला, म्हणून ती कोणी धरत नाही. मला जुळी होण्याची शक्यता किती? खरं सांगायचं तर धास्ती वाटते."

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता सांगितलीत, आणि 'कोणी धरत नाही' म्हणून बाजूलाही ठेवलीत. मी तीच धरणार आहे. सासरचे काका, आत्येबहीण, पिढी सोडून येणारी पाळी, यातल्या कशानेही तुम्हाला जुळी होण्याची शक्यता वाढत नाही. आजीच्या त्या पहिल्या बाळंतपणाने थोडी वाढते.

दांडिया बाजारात तीसेक वर्षं मी बाळंतपणं करते आहे. हा प्रश्न बहुतेक वेळा सुनेकडून येतो आणि त्यात सगळी वंशावळ सासरची असते. म्हणून मुळापासून सांगते.

जुळी दोन तऱ्हांची. एकच स्त्रीबीज फळलं आणि पहिल्या काही दिवसांत त्याचे दोन भाग झाले, तर ती एकबीज जुळी. दोन्ही मुलगे नाहीतर दोन्ही मुली, रक्तगट एक, चेहरा एक. दुसऱ्या तऱ्हेत त्या महिन्यात बाईच्या बीजकोशातून दोन बीजं सुटतात आणि दोन वेगळे शुक्रजंतू ती फळवतात. ही द्विबीज जुळी, म्हणजे एकाच वेळी पोटात वाढलेली सख्खी भावंडं. एक मुलगा आणि एक मुलगी असली की ती द्विबीजच समजायची. याला अपवाद इतका दुर्मीळ आहे की मी तरी पाहिलेला नाही.

एकबीज जुळी घराण्याने येत नाहीत. जगात कुठेही पाहिलं तरी हजार बाळंतपणांत तीन-चार, हे प्रमाण फारसं हलत नाही. आईचं वय, देश, खाणंपिणं, कशाचाच त्यावर म्हणावा असा परिणाम दिसत नाही. काही मोजक्या घराण्यांत ती पुन्हा पुन्हा झाल्याच्या नोंदी आहेत, पण तो अपवाद. तेव्हा दोन बहिणी अगदी एकीसारखी दुसरी असल्या, तरी त्यांच्या मुलींनी त्यावरून स्वतःचा हिशेब मांडू नये.

घराण्यातून येतात ती द्विबीज जुळी. आता विचार करा, वारसा नेमका कशाचा आला? एका महिन्यात दोन बीजं सोडण्याचा. बीज सोडतं कोण? बाई. पुरुषाकडून एका वेळी कोट्यवधी शुक्रजंतू येतातच. समोर बीज एक असेल तर एकच फळणार, दोन असली तर दोन फळू शकतील. तुमच्या मिस्टरांच्या घरात कितीही जुळी असली तरी तुमचे बीजकोश त्या घरातले नाहीत. ते तुम्ही इंदूरहून घेऊन आलात.

तुमच्या सासरचीच नोंद घ्या. काका जुळे पण दिसायला वेगळे, म्हणजे द्विबीज, आणि दोन बीजं सुटली ती तुमच्या आजेसासूबाईंची. त्यांचा गुण त्यांच्या मुलीकडे, म्हणजे यांच्या आत्याकडे गेला असेल, आणि आत्याकडून तिच्या मुलीकडे. आत्येबहिणीची जुळी या वाटेने आली असू शकतात. तुमचे सासरेही त्याच आईचे मुलगे. त्यांच्याकडेही तो गुण आला असेल, पण पुरुषाच्या अंगात तो दिसायचा कसा? त्यांनी तो मुलाला दिला असेल, तर तुमच्या मिस्टरांकडेही असेल, तसाच न दिसता. तुम्हाला मुलगी झाली आणि तो तिच्याकडे उतरला, तर तिच्या बाळंतपणात तो दिसेल. मधल्या पिढ्या कोऱ्या राहिल्या असं तेव्हा सगळ्यांना वाटेल. 'एक पिढी सोडून' ही समजूत यातूनच आली आहे. वारसा एखाद्या मुलामार्फत पुढे गेला की ती पिढी सुटल्यासारखी भासते, आणि मुलीमार्फत गेला की लागोपाठ दिसतो. तुमच्या सासूबाईंना स्वतःला जुळी झाली नाहीत, यात नवल नाही. त्याही या घरात सून म्हणूनच आल्या.

आत्येबहिणीच्या मुलींबद्दल मात्र दोन गोष्टी विचारल्याशिवाय मी त्यांना या वंशावळीत बसवणार नाही. एक, पोटात वार (बाळाला पोसणारी, जिला प्लॅसेंटा म्हणतात) एक होती की दोन? एकच होती तर त्या एकबीज, मग या हिशेबात त्यांना जागा नाही. दुसरं, दिवस राहण्यासाठी गोळ्या-इंजेक्शनं घेतली होती का? हे घरातल्या मोठ्यांना बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं, आणि मग औषधाची करामत घराण्याच्या नावावर जमा होते.

वडिलांकडून जुळी येतात ही समजूत आपल्यात इतकी घट्ट का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण आपल्या कथांत असावं. अश्विनीकुमार जुळे, म्हणून त्यांचे नकुल-सहदेव जुळे. रामाचे भाऊ लक्ष्मण-शत्रुघ्न जुळे, पुढे लव-कुशही जुळे. लहानपणापासून हे ऐकलेलं असतं, तेव्हा धागा आपोआप बापाकडे जोडला जातो. माझ्याकडची एक आजी लव-कुशांचा दाखला द्यायची, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, आजी, मग सीतामाईच्या माहेरचं विचारायला हवं.

दुसरं कारण आपल्या घरांतच आहे. बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांत कपाटात कुळवृत्तांत असतो. गायकवाडांच्या काळी कोण कोकणातून आलं, कोण देशावरून, कोणाला किती मुलगे, सगळं त्यात असतं. मुलीच्या नावापुढे ती कुठे दिली तेवढं लिहितात आणि फांदी तिथेच संपते. जुळ्यांचा वारसा ज्या वाटेने उघड दिसतो, नेमक्या त्याच फांद्या आपण छाटून ठेवल्या आहेत. म्हणून पेशंट पहिल्यांदा आली की मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उलटी वंशावळ काढते: ती, तिची आई, मावश्या, आजी, आजीच्या बहिणी. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. पहिल्या पाच मिनिटांत निम्मे गोल कोरे राहतात. मग ती तिथूनच आईला फोन लावते आणि आई म्हणते, "अगं, तुझ्या थोरल्या मावशीला झाली होती की, पण एकच राहिलं." राहिलं नाही ते मूल आपण मोजत नाही. माझ्या हिशेबात ते पुरतं मोजलं जातं, कारण दोन बीजं सुटली होती, एवढं त्यातून कळतं.

या गोष्टीचा जुना आणि फार चांगला पुरावा अमेरिकेतल्या युटा राज्यातला आहे. तिथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी आपल्या वंशावळ्या बारकाईने जपल्या आहेत, लेकींच्या बाजूच्यासुद्धा. त्यावरून १९६४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायका स्वतः द्विबीज जुळ्यांपैकी होत्या, त्यांना हजार बाळंतपणांत सुमारे १७ वेळा जुळी झाली. जे पुरुष द्विबीज जुळ्यांपैकी होते, त्यांच्या बायकांना हजारात सुमारे ८ वेळा. पुरुष स्वतः जुळा असूनही बायकोच्या बाळंतपणात काही फरक पडला नाही. तुमच्या मिस्टरांचे तर फक्त काका जुळे आहेत.

आता तुमचा आकडा. भारतात, गर्भधारणेसाठी उपचार न घेता, हजार बाळंतपणांत साधारण ९ जुळी होतात असं धरू. जगात हे प्रमाण कमी असलेल्या भागांत आपण मोडतो. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ते हजारात चाळीसच्या वर जातं. आपल्या ९ पैकी चारेक एकबीज, उरलेली पाचेक द्विबीज. आईला किंवा सख्ख्या बहिणीला द्विबीज जुळी झाली असतील, तर द्विबीजची शक्यता ढोबळमानाने दुप्पट होते. पाचाचे दहा, सगळी मिळून हजारात १४. तुमच्या बाबतीत जुळी आजीला झाली, आईला नाही, म्हणजे वारसा आणखी एका पायरीने विरळ झाला. तेव्हा तुमचा आकडा ९ आणि १४ यांच्या मध्ये कुठेतरी. वरचा आकडा धरला तरी तुमच्यासारख्या हजार जणींपैकी ९८६ जणींना एकच बाळ होईल. 'दुप्पट' हा शब्द ऐकून माणूस घाबरतो. मूळ संख्या किती लहान आहे, ते त्यासोबत सांगायलाच हवं.

अंगात काय वेगळं असतं म्हणून दोन बीजं सुटतात? दर महिन्याला बीजकोशात बऱ्याच बीजपुटिका, म्हणजे बीज ज्यात पिकतं त्या इवल्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यांना वाढवणारं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, त्याला आम्ही एफएसएच म्हणतो. एक पुटिका पुढे निघाली की एफएसएच उतरायला लागतं आणि बाकीच्या सुकून जातात. काही बायकांत ते थोडं जास्त असतं, किंवा त्यांचे बीजकोश त्याला जास्त जोरात साद देतात. मग दुसरी पुटिकाही तग धरते आणि पिकते. २०१६ साली नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका इथल्या, द्विबीज जुळी झालेल्या आयांचा डीएनए तपासला, तेव्हा दोन जागा ठळक दिसल्या. एक एफएसएच तयार करणाऱ्या जनुकाजवळ, दुसरी एसएमएडी३ नावाच्या जनुकात, ज्याचा संबंध बीजकोश या संप्रेरकाला कसा प्रतिसाद देतो याच्याशी आहे. दोन्ही बदल असले तरी शक्यता पाव-एक पटीहून थोडीच जास्त वाढते. म्हणजे 'जुळ्यांचं जनुक' असं एकच काही नाही, थोड्या थोड्या वजनाचे बरेच खडे तराजूत पडतात. त्यासाठी हजारो रुपयांची जनुक तपासणी करून घेऊ नका. तुमच्या आईचा एक फोन तिच्याहून जास्त सांगेल.

मेंढ्यांत मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या मुलखातली आहे म्हणून सांगतेच. सुंदरबनात गरोल नावाची लहानखुरी मेंढी आहे, तिच्यात एकाच जनुकातल्या एका बदलामुळे दोन-दोन, तीन-तीन कोकरं होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो बदल पिढ्यान्‌पिढ्या संकर करून दख्खनी मेंढीत उतरवला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. एक जनुक, एक बदल, आणि जुळ्या कोकरांचा कळप. घराण्यात जुळी म्हणजे असंच काही असेल, हे लोकांच्या मनात असतं. माणसात ते इतकं सरळ नाही.

घराण्यापेक्षा वय जास्त बोलतं. तिशी ओलांडली की एफएसएच हळूहळू चढतं, आणि द्विबीज जुळ्यांचं प्रमाण पस्तिशीनंतर, ३७ च्या आसपास सर्वांत जास्त दिसतं. बीजं संपत आलेली असतात म्हणून शरीर जोर लावतं, आणि त्या जोरात कधी दोन सुटतात. आधीची बाळंतपणं जास्त, बांधा उंच, वजन जास्त, यांनीही थोडा फरक पडतो. २९ व्या वर्षी तुमच्या बाजूने यातलं फारसं काही नाही.

जुळ्या केळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतीलच. खंडेराव मार्केटमधून आणलेल्या फणीत दोन केळी एका सालीत चिकटलेली निघाली की ते सुनेच्या हाती पडू देत नाहीत, आणि जिला जुळी हवीत ती मुद्दाम मागून खाते. केळ्याचा बीजकोशाशी संबंध नाही. आनंदाने खा.

ज्याने खरोखर जुळी होतात ती औषधं, आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. बीज पिकवण्याच्या क्लोमिफिनसारख्या गोळ्या घेऊन राहिलेल्या गर्भांत १०० पैकी ५ ते १० वेळा जुळी असतात, इंजेक्शनांनी त्याहून खूपच जास्त. ज्यांना पाळीचा किंवा बीज न सुटण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती वरदान आहेत, सोनोग्राफीत पुटिका मोजत, जपून दिली तर. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे चौथ्या महिन्यात आली. पाळी नियमित, आजार काही नाही. एकाच बाळंतपणात दोन झाली की मोकळी, या विचाराने तिने ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून तीन महिने घेतल्या होत्या. पोटात तीन बाळं होती. ३० व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. त्यातली दोन घरी गेली, तीही काचेच्या पेटीत सव्वा महिना काढून. ती आई आजही येते आणि तिसऱ्याचा वाढदिवस मला सांगते. जुळी हवीत म्हणून गोळी घेऊ नका, कोणी कौतुकाने हातावर ठेवली तरी.

आता तुमची धास्ती. जुळी असली तर धोका वाढतो, हे खरं. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात, आईला रक्त कमी पडतं, रक्तदाब चढतो. तुमच्या आजीचा मुलगा आठव्या दिवशी गेला तो कदाचित अपुऱ्या दिवसांचा, कमी वजनाचा असेल. तेव्हा सोनोग्राफी नव्हती; कळा सुरू झाल्यावर, पहिलं बाळ बाहेर आल्यावर सुइणीला कळायचं की आत आणखी एक आहे. आज सहाव्या-सातव्या आठवड्यात कळतं. कधी तेव्हा दोन दिसतात आणि पुढच्या वेळी एकच उरतं, दुसरं शरीरात विरून जातं. त्यात कोणाची चूक नसते.

त्या वेळी एकबीज की द्विबीज याच्या मागे लागू नका. मुलगा-मुलगी आधी सांगणं १९९४ च्या कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. त्या वाटेने काही कळणार नाही. विचारायचं एवढंच की वार एक आहे की दोन. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत ते नीट दिसतं. दोन वारा असल्या तर दोघांमधला पडदा जाड असतो आणि वारेपाशी त्यात पाचर शिरल्यासारखी दिसते. वार एकच असली तर पातळ पडदा तिच्यावर काटकोनात टेकतो. नंतर हा फरक पुसट होतो, म्हणून ही सोनोग्राफी चुकवायची नाही.

बाळंतपणानंतर मी जुळ्यांची वार नेहमी ताटात पसरून बघते. मधला पडदा दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेते. दोन वारांचा पडदा दुधी, जाडसर असतो, त्यातून पलीकडची बोटं दिसत नाहीत. सोलला तर पदर सुटतात. एका वारेचा पडदा कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, आरपार दिसणारा. तो उचलला की खाली वारेवर एका बाळाच्या रक्तवाहिन्या सरपटत दुसऱ्याच्या नाळेकडे गेलेल्या दिसतात. एकाच वारेच्या १०० जुळ्यांपैकी १० ते १५ मध्ये याच वाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं, एक सुकतं आणि दुसरं फुगतं. म्हणून एक वार असली की सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करायची. दोन असल्या तर महिन्यातून एकदा पुरते. एक बारकावा सांगते: एकबीज जुळ्यांपैकी पाव ते तिसरा हिस्सा अशी असतात की बीज फार लवकर दुभंगल्याने त्यांनाही दोन वारा असतात. तेव्हा दोन वारा, दोन्ही मुली, म्हणून द्विबीज असं छातीठोक सांगू नये. तिथे डीएनए तपासणीशिवाय उत्तर नाही.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. घरात तो गुण असेलही, फक्त तो तुमच्याकडे यायचा नसून त्यांच्या नातीकडे जायचा आहे, हे त्यांना सांगा. आत्येबहिणीचा फोन त्यांच्याच हातून लावा आणि वारेचं विचारा.

बाळाचा विचार नक्की झाला की फोलिक ॲसिड सुरू करायचं आणि हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, एक असो की दोन. तपासणीला याल तेव्हा माहेरची वंशावळ लिहून आणा. आजीच्या नावाखाली दोन गोल-चौकोन शेजारी शेजारी काढा, आठ दिवसांच्या त्या मामाचं बारसं झालं नसलं तरी त्याचा चौकोन सोडू नका. आईला विचारा, आजीच्या बहिणी किती होत्या आणि त्यांच्या बाळंतपणांचं कोणाला काय आठवतं. इंदूरला त्या पिढीतलं कोणी अजून असेल तर या दिवाळीतच विचारून घ्या.